आजीचं जातं आणि पाणचक्की

वीकेंडचा प्लॅन एकदम फिक्स होता. शनिवारी सकाळी बीबी का मकबरा, मग वेरूळ, येताना वाटेत दौलताबाद. रविवारी हिमरू शाल घ्यायची, जुन्या शहरात नान-खलिया हाणायचा आणि संध्याकाळच्या बसने पुणे. सोमवारी पुन्हा तेच क्युबिकल, तोच मॉनिटर. सोबतीला आजी होती. वय ब्याऐंशी, फुलंब्रीकडच्या खेड्यात अख्खी हयात गेलेली. आयुष्यभर शहरात आली ती दवाखान्यासाठी, नाहीतर लग्नाच्या बस्त्यासाठी. म्हटलं, यावेळी तिला छत्रपती संभाजीनगर ‘टुरिस्ट’सारखं दाखवायचं.

मकबरा अर्ध्या तासात झाला. आजी म्हणाली, “छान आहे, पांढरं आहे.” विषय संपला! वेरूळला निघायला अजून वेळ होता, म्हणून मध्ये टाइमपास म्हणून पाणचक्कीला रिक्षा वळवली. वीस मिनिटांचा स्टॉप, एवढंच डोक्यात होतं.

आम्ही तिथून अडीच तासांनी बाहेर पडलो. वेरूळ राहिलं ते राहिलंच.

खाम नदीच्या काठाला, मेहमूद दरवाजाजवळ ही जागा आहे. आत शिरलं की आधी आवाज येतो. भिंतीवरून पाणी कोसळत असतं, त्याचा. समोर कारंज्यांचा लांबलचक हौद, पलीकडे मशीद, एका अंगाला सुफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आणि सावलीला भलामोठा वड. हा वड ६०० वर्षांचा आहे, असं सांगतात. सगळे टुरिस्ट हौदापाशी फोटो काढतात, माशांना बघतात आणि निघतात. मीही शाळेच्या ट्रिपमध्ये इथे येऊन तेच केलं होतं. कोपऱ्यातल्या छोट्या खोलीतलं जातं मला तेव्हा दिसलं असेलही, पण लक्षात मात्र काहीच राहिलं नव्हतं.

आजीला मात्र हौद दिसलाच नाही. ती थेट त्या कोपऱ्यात गेली. पावसाळा नुकताच सरला होता, पाण्याला जोर होता. खाली पाण्याचं चाक आणि वर दगडी जातं. पाणी पडतंय, चाक फिरतंय, जातं फिरतंय. हात लावणारं कोणी नाही. आजीने पदर कपाळापर्यंत ओढला आणि बघतच राहिली.

“कोण फिरवतंय गं?”

“पाणी, आजी.”

“आणि पाण्याला कोण आणतंय? मोटार कुठंय?”

इथे माझी विकेट पडली. मोटार नाही, हे मला ठाऊक होतं. पण मग पाणी येतं कसं? मोबाईलवर शोधाशोध केली, फलक वाचले, घरी आल्यावर आणखी वाचलं. आता सांगते, कारण हा फंडा खरंच सॉलिड आहे.

पाणी येतं शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून, हर्सूलच्या वरच्या अंगाने, कित्येक किलोमीटर जमिनीखालून. या शहराला जमिनीखालच्या पाण्याची सवय पहिल्यापासूनच आहे. मूळचा इथिओपियातला, गुलाम म्हणून दख्खनेत आलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर. त्याने १६१० मध्ये खडकी गाव वसवलं आणि डोंगरात झिरपणारं पाणी भुयारी नहरीने शहरात खेळवलं. तीच नहर-ए-अंबरी. पुढे खडकीचं औरंगाबाद झालं, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. पाणचक्कीची नहर अंबरीनंतरची, वेगळी. पण नियम एकच : पाण्याला ढकलायचं नाही, त्याला फक्त उतार द्यायचा.

आता गंमत बघा. डोंगर आणि पाणचक्की यांच्या मध्ये खोलगट भाग आहे. पाणी खाली उतरेल, पण पुन्हा वर कसं चढणार? यासाठी बंद नळ वापरलेत, मातीचे. बांधकामावर गवंडी काय करतो, आठवा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीत पाणी भरून तिची दोन टोकं दोन भिंतींना लावतो. मधली नळी जमिनीवर कशीही लोळत असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येऊन थांबतं. पाणचक्कीचा फंडा डिट्टो हाच आहे. एक टोक डोंगरात, दुसरं टोक पाणचक्कीच्या भिंतीत. डोंगराकडचं टोक उंच आहे, म्हणून या बाजूला पाणी आपोआप वर चढतं. वाटेतल्या घर्षणात थोडी उंची जाते, पण तरी पुरेशी उरते. अशा नहरींवर ठिकठिकाणी चुन्या-विटांचे उंच पोकळ खांब असतात. शहरात फिरताना असा एखादा उभा दिसतो आणि आपल्याला वाटतं, कुठल्या तरी पडक्या इमारतीचा तुकडा असेल. ते खांब नळात अडकलेली हवा वर सोडून देतात आणि पाण्याचा दाबही आवरतात. नाहीतर मातीचे नळ फुटलेच म्हणून समजा.

भिंतीत वर चढलेलं पाणी मग उंचावरून खाली सोडायचं. बघणाऱ्याला तो धबधबा शोभेचा वाटतो, पण या यंत्राचं इंजिन तोच आहे.

पुढचं तर आणखी सोपं. पाण्याचं चाक म्हटलं की आपल्याला सिनेमातलं उभं, लाकडी, गरगर फिरणारं चाक आठवतं. इथे चाक आडवं आहे, जमिनीला समांतर, पंख्यासारखं. पाणी पात्यांवर आपटलं की ते फिरतं. चाकाच्या मध्यातून निघालेला दांडा खालच्या तळीच्या भोकातून सरळ वर जातो आणि वरचा दगड फिरवतो. गिअर नाही, पट्टा नाही, साखळी नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. बिघडायला काही ठेवलेलंच नाही! आमच्या ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं की आधी त्याचा हेल्प डेस्क नंबर पाठ करावा लागतो, म्हणून हे मला जास्तच भावलं.

थोडं गणित करू या. घाबरू नका, दहावीचंच आहे. समजा, सेकंदाला १० लिटर पाणी ३ मीटरवरून पडतंय. १० गुणिले ९.८ गुणिले ३, म्हणजे जवळपास ३०० वॉट. त्यातलं निम्मं इकडेतिकडे वाया गेलं तरी १५० वॉट हातात. तुमच्या किचनमधला मिक्सर ५०० ते ७५० वॉटचा असतो, म्हणजे हे त्याच्यापुढे किरकोळ. पण मिक्सर दोन मिनिटं चालतो आणि गरम होतो. पाणी रात्री झोपत नाही. १५० वॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला साडेतीन युनिटं. धडधाकट माणूस तासन् तास हाताने काम करत राहिला तर ५० ते ७५ वॉटच्या आसपास देतो. म्हणजे एवढीशी धार दोन-तीन माणसांचं काम करते. जेवायला मागत नाही, कुरकुर करत नाही, पाळी संपत नाही.

“दोन-तीन माणसांचं नाही,” आजी मध्येच म्हणाली, “दोन-तीन बायांचं म्हण.”

मी गप्प झाले.

आजीचं दळण मी ऐकून होते, पण ‘पूर्वी फार कष्ट होते हो’ या कॅटेगरीत टाकून मोकळी झाले होते. त्या दिवशी वडाखाली बसून तिने नीट सांगितलं. घरात नऊ माणसं. सकाळ-संध्याकाळ ज्वारीच्या भाकरी. ज्वारीचं पीठ जास्त दिवस ठेवलं की भाकरी चिरते, थापता येत नाही, म्हणून दळण जवळपास रोजचंच. पहाटे चारला उठायचं. समोरासमोर बसून ती आणि तिची जाऊ. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हाताने मुठीमुठीने वैरण घालायची. झोप येऊ नये म्हणून ओव्या. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावणारा येईपर्यंत जोर दुप्पट. कूस भरलेली असली तरी दळण चुकायचं नाही.

“आणि मग जळगावला दिलेली माझी बहीण म्हणाली, आमच्याकडं इंजिनाची गिरण आली. मला वाटलं, थापा मारतेय.” तिच्या गावात गिरण आली तेव्हा तिला तीन मुलं झालेली होती. ती पुक-पुक ऐकू आली की बाया डोक्यावर पाट्या घेऊन निघायच्या. पहिल्या दिवशी तिने पिठात हात घातला तर गरम लागलं, चुलीवरून काढल्यासारखं. सासू म्हणाली, जळकं पीठ आहे, याच्या भाकरीला चव नाही. आजी म्हणाली, चव नसू दे.

मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याच्यामुळे आमचं वेरूळ राहिलं.

“ही चक्की किती वर्षांची?”

बाबा शाह मुसाफिर मध्य आशियातून, बुखाराच्या बाजूने इथे आले. त्यांच्या खानकाहमध्ये शिष्य, फकीर, वाटसरू यांचा राबता असायचा. एवढ्यांचं दळण हातजात्यावर करायचं म्हणजे हाल. ते वाचावेत म्हणून निजाम-उल-मुल्क असफजाह यांच्या पदरी असलेल्या तुर्कताज खान या सरदाराने ही चक्की बांधली. हौद आणि कारंजी जमील बेग खानाची. १७ व्या शतकाची अखेर आणि १८ व्या शतकाचा पूर्वार्ध, हा तो काळ.

“म्हणजे माझ्या आजीच्या आजीच्याही आधीची,” आजीने बोटांवर हिशेब केला. “आमच्या गावापासून किती लांब आहे हे? आणि आम्ही दळतच बसलो!”

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक उत्तर भूगोलाचं आहे : प्रत्येक गावाला असा डोंगर, असा झरा आणि बारमाही धार नसते. मराठवाड्यात तर नाहीच नाही. हिमालयात ओढ्यांना पाणी आहे, म्हणून उत्तराखंडात, हिमाचलात गावोगाव अशाच आडव्या चाकाच्या चक्क्या झाल्या. तिथे त्यांना घराट म्हणतात. दुसरं उत्तर जरा टोचणारं आहे. फकिरांचे हात दुखत होते, ते एका सरदाराला दिसले. बायांचे हात घरात दुखत होते. शिवाय ते फुकट होते. जे फुकट मिळतं, त्याची बचत करायला यंत्र कोण बांधणार?

म्हणजे ज्याने बांधलं त्याला नावं ठेवायची का? अजिबात नाही. कोणाचा तरी त्रास बघून त्याने डोकं लावलं, हीच तर मोठी गोष्ट आहे. मला एवढंच कळलं की यंत्राची हुशारी नुसती चाकात आणि दांड्यात नसते. कोणाचं दुखणं कोणाला दिसलं, यात ती सुरू होते.

त्या दृष्टीने बघायला लागलं की आजूबाजूच्या साध्या साध्या गोष्टी एकदम वेगळ्या दिसतात. घराटातच बघा ना. वर धान्याची टोपली टांगलेली असते. तिला बांधलेली एक काठी फिरत्या दगडावर टेकलेली असते. दगड फिरला की काठी थडथडते, टोपली हलते, दाणे पडतात. पाणी वाढलं, दगड जोरात फिरला, की दाणेही जास्त पडतात. पाणी कमी झालं की दाणे कमी. चक्की थांबली की दाणे बंद. आपण ज्याला ‘ऑटोमॅटिक कंट्रोल’ म्हणून लाखो रुपये मोजतो, ते इथे एका काठीत भागतं. कोणा म्हाताऱ्याला रात्रभर टोपलीपाशी जागायचा कंटाळा आला असणार, दुसरं काय!

किंवा आजोबांची मोट. मी ती फक्त फोटोत पाहिलीय. आजीने वडाच्या काटकीने मातीत काढून दाखवली. बैल विहिरीकडून लांब जाताना भरलेली मोट वर ओढतात आणि नेमकी तीच वाट उताराची असते. ती मोटेची धाव. म्हणजे जड ओझं असताना बैलाचं स्वतःचं वजनच कामाला येतं. परत मागे येताना चढ, पण तेव्हा मोट रिकामी. मोटेच्या सोंडेला एक वेगळा बारीक दोर. मोट वर आली की त्या दोराने सोंड थारोळ्यात ओढली जाते आणि पाणी आपोआप ओतलं जातं. माणसाने हात लावायची गरज नाही. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही. चौथी पास आजीने चार मिनिटांत सांगितलं.

पुन्हा पाणचक्कीकडे येते, कारण तिची सगळ्यात भारी आयडिया अजून सांगितलीच नाही. दळण झालं की पाणी वाया जात नाही. तेच पाणी हौदात खेळतं, कारंज्यात उडतं, नमाजाआधीच्या वजूला उपयोगी पडतं. आणि तो हौद ज्याच्यावर आहे, ते बघायला बहुतेक जण खाली उतरतच नाहीत. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छप्पर आहे! जाडजूड खांबांवर तोललेलं दालन, डोक्यावर टनावारी पाणी. मे महिन्यात बाहेर रस्त्यावर डांबर वितळत असताना इथे गार. जादाचं पाणी शेवटी खाम नदीत. एक धार, एवढी कामं, आणि विजेचं बिल शून्य.

याच शहरात गेली कित्येक वर्षं लोक नळाला पाणी येण्याचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवत आलेत. माझ्या मामीच्या फ्रीजवर असं कॅलेंडर मी लहानपणापासून पाहिलंय. आजचं शहर जायकवाडीचं पाणी पितं. १९७६ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण पैठणला आहे आणि शहर त्याच्यापेक्षा शंभरेक मीटर उंचावर. म्हणजे पाणी रोज वर ढकलायचं, पंप लावून, वीज जाळून. लाखो माणसांची तहान एका झऱ्यावर भागणार नाही, हे मलाही कळतं. नहरींकडे परत चला, असलं काही मी सांगत नाहीये. पण त्याच जायकवाडीच्या पायथ्याला १२ मेगावॉटचं वीजघर आहे आणि तिथेही उंचावरून पडणारं पाणी पातीच फिरवतं. पाणचक्कीचंच मोठं भावंडं ते. जुनी युक्ती बाद झालेली नाही, फक्त आपण तिच्याकडे बघणं सोडलंय. जुन्या नहरीवर घर बांधताना, खांब पाडताना ते जाणवतं.

दुपारी दोनला आजीला भूक लागली तेव्हा कुठे आम्ही उठलो. निघताना तिने फिरत्या दगडाला हात जोडले. दर्ग्यालाही जोडले, पण आधी दगडाला.

दुसऱ्या दिवशी तिला गावी सोडायला गेले. तिचं जातं माजघराच्या कोपऱ्यात आहे. आता ते फक्त लग्नाच्या आधी निघतं. हळद-कुंकू लागतं, खुंट्याला आंब्याची पानं बांधतात, सवाष्णी हळकुंड घालून दोन फेरे फिरवतात, फोटो निघतात, संपलं. म्हटलं, आज मी दळते. आजी हसली, मूठभर ज्वारी आणून दिली. पहिले दहा फेरे मजा आली. तिसाव्याला खांदा बोलायला लागला. मी वैरण घालायला विसरायची, नाहीतर फिरवायला. दहा मिनिटांनी तळहाताला फोड आणि ताटात जेमतेम एका भाकरीचं भरड पीठ. आजीने ते चिमटीत घेऊन पाहिलं.

“एवढ्यात कावळ्याचं पण पोट भरायचं नाही,” म्हणाली. मग त्या पिठाची भाकरी केली, चिरली तरी केली, आणि अर्धी मला दिली.

जायचं असेल तर : पाणचक्की मध्यवर्ती बसस्टँडपासून रिक्षाने अगदी जवळ आहे, बीबी का मकबराही लांब नाही, दोन्ही एका सकाळी होतात. पावसाळा सरता सरता किंवा हिवाळ्यात जा, तेव्हा पाण्याला जोर असतो. हौदापाशी सेल्फी काढाच, पण मग कोपऱ्यातल्या खोलीपाशी दहा मिनिटं उभे राहा आणि हौदाखालच्या दालनाबद्दलही विचारा. आणि शक्य असेल तर घरातल्या एखाद्या आजीला सोबत न्या. गाइडची गरज पडणार नाही.